मापाचं तूप

राजारामपुरीत अक्काताई मगदूमांच्या घरी जेवायला बसलेला माणूस कोरड्या भातावर उठला, असं कधी झालं नाही. ताटावर आडवा हात धरा, डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांगितलंय म्हणून गळ्याची शपथ घ्या, काही उपयोग नाही. बाई बोटांच्या फटीतून तूप सोडणार आणि वर ऐकवणार, "पावणं, आमच्यात बिनतुपाचा भात मांजरबी खात न्हाय." माहेर जयसिंगपूरकडचं. दारात म्हशी, घरात दह्यादुधाचा नुसता महापूर. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या तेव्हा रुखवतात भांडी कमी आणि तुपाच्या बरण्या जास्त होत्या, असं त्या स्वतःच सांगायच्या. नवरा गेला, मुलगा जिनेंद्र शिरोलीच्या कारखान्यात सुपरवायझर झाला, सून आदिती शाळेत शिकवायला लागली, पण विरजण, लोणी आणि कढवणं अक्काताईंनी कुणाच्या हातात दिलं नाही.

अशा बाईनं स्वतःच्या नातीच्या ताटातलं तूप काढून घेतलं होतं, हे सांगितलं असतं तरी गल्लीत कुणी खरं मानलं नसतं. त्यांनी सांगितलंच नव्हतं म्हणा.

नात म्हणजे ऋता. जिनेंद्र आणि आदितीची पहिली मुलगी. तीन वर्षांची व्हायच्या आत गेली. गेली म्हणायचं, पण कुठं गेली? बाकीच्यांच्या घरातनं गेली असेल. अक्काताईंना ती रोज दुपारी ऐकू यायची. आदिती शाळेत, जिनेंद्र कामावर, घर शांत. अक्काताई पाटावर बसून भाताचा पहिला घास कालवायच्या आणि मागून, फ्रिजच्या बाजूनं, आवाज यायचा. "आज्जी, तूप." रडका नाही, हट्टाचा नाही. मागणारा. पहिल्यांदा त्यांनी वळून बघितलं होतं. पुढं वळायचं सोडलं, कारण वळल्यावर तिथं काही नसायचं आणि ते काही नसणं जास्त लागायचं. हळूहळू त्यांनी स्वतःच्या भातावर तूप घ्यायचं बंद केलं. कुणी विचारलं तर गुडघ्याला बाधतं म्हणायच्या. तुपानं गुडघे दुखतात, हे त्यांच्याशिवाय कुणी ऐकलं नव्हतं.

ऋतानंतर धवल झाला. पहिलं वर्ष बरं गेलं. घरानं सुटकेचा श्वास घेतला. मग दुसऱ्या वर्षात त्याचंही तेच सुरू झालं. खायचा दोन माणसांचं, अंगाला काडीचं लागायचं नाही. पोट फुगलेलं, दंड वाळलेले. खोकला पाठ सोडेना. मुका घेतला की ओठ खारट व्हायचे. आणि एका सकाळी अक्काताई त्याला धुवायला न्हाणीत घेऊन गेल्या तर शी फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी, मगभर पाणी ओतलं तरी हलेना. मग वास आला. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. पोराला कडेवर घेऊन त्या तिथंच ओल्या फरशीवर बसल्या. जिनेंद्र दाराशी येऊन म्हणाला, "आई, काय झालं? घसरलीस व्हय?" त्या म्हणाल्या, "व्हय. घसरले."

मुलांच्या डॉक्टर या वेळी नव्या होत्या. नंदिनी पाटणकर. तरुण, चटचट बोलणारी बाई. ऋताचे डॉक्टर म्हातारे होते, ते आता दवाखाना बंद करून मुलाकडं राहायला गेले होते. धवलला तपासून, त्याचं वजन दोनदा करून डॉक्टर नंदिनी म्हणाल्या, "सिस्टिक फायब्रोसिस नावाचा एक आजार असतो. जन्मापासूनचा. शरीरातले रस चिकट होतात. छातीत कफ साठतो, आणि पोटातल्या स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचत नाही. त्या रसाशिवाय तूप-तेल पचत नाही. पोटात दुखतं आणि खाल्लेलं तसंच बाहेर पडतं. ते पडतंय का हे बघता येतं. ठरलेल्या मापानं तूप द्यायचं, आणि तीन दिवसांची सगळीच्या सगळी शी गोळा करायची. आत किती गेलं, बाहेर किती आलं, ते कळतं." मग त्यांनी विचारलं, "मोठ्या मुलीची ही तपासणी झाली होती का?"

"झालती की," जिनेंद्र म्हणाला. "नॉर्मल आलती. आमी काय बाकी ठेवलं न्हाय, मॅडम. डॉक्टर सांगतील ते सगळं केलं."

हे वाक्य तो चार वर्षं प्रत्येकाला ऐकवत होता. भेटायला आलेल्या पावण्यांना, कारखान्यातल्या माणसांना, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, भेटणाऱ्या श्रावकांना. काय बाकी ठेवलं न्हाय. पोरगी गेल्यावर बाप ज्या एका फळीवर उभा राहिला ती ही फळी. अक्काताईंना ते पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांच्या तोंडाला कुलूप होतं.

डॉक्टर विचारात पडल्या. "तिची लक्षणं हीच होती, आणि तरी चरबी नॉर्मल? मग हा आजार घरात नसावा. असं करू, आधी गव्हाचं काही बाधतंय का ते बघू. दोन-तीन महिने गहू बंद करून बघू. ही तपासणी नंतर."

दोन-तीन महिने. अक्काताईंच्या मांडीवर धवल खोकत होता आणि प्रत्येक खोकल्याला त्याच्या बरगड्या हाताला लागत होत्या. एक पोरगी त्या खोट्या कागदानं नेली होती. आता तोच कागद दुसऱ्याच्या वाटेत आडवा पडला होता.

"न्हाय," अक्काताई म्हणाल्या. "हीच करा. आदी हीच."

"का हो आजी?"

"त्या टायमाला चुकलं आसंल कायतरी."

जिनेंद्रनं वळून बघितलं. "कुणाचं चुकलं आसंल?"

"मशिनचं," अक्काताई म्हणाल्या. खोटं कसं सरळ बाहेर आलं.

डॉक्टर म्हणाल्या, "ठीक आहे. करू. पण एक लक्षात ठेवा. तुपाचा एक चमचा चुकला किंवा एक शी वाया गेली, तर उत्तर खोटं येतं. आणि खोटं उत्तर मिळण्यापेक्षा उत्तर न मिळालेलं बरं."

हे अक्काताईंना सांगायची गरज नव्हती. कारण ऋताच्या वेळी झालं होतं ते असं.

म्हाताऱ्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, मापाचं टोपण हातात दिलं होतं. आदिती शाळेत जायची, भरवायचं काम आजीचं. पहिल्याच दुपारी तुपाचा भात पोटात गेला आणि ऋता कळवळून दुमडली. गुडघे पोटाशी घेऊन अशी ओरडली की शेजारच्या बाया गोळा झाल्या. अक्काताईंच्या आईनं, तिच्या आईनं, सगळ्यांनी एकच शिकवलेलं. पोट बिघडलं की तूप बंद, पेज सुरू. डॉक्टरांना काय, त्यांना पोरांची पोटं पुस्तकात भेटतात. अक्काताईंनी त्या दिवसापासून ऋताला नुसती मिठाची पेज आणि मऊ भात दिला. मापलेलं तूप मात्र टाकायचं कसं? अन्न टाकणं म्हणजे पाप. मग त्यांनी ते रोज वाटीत घेतलं, पदराखाली झाकून बस्तीत नेलं आणि भगवंतापुढच्या नंदादीपात ओतलं. पोरगीही शांत, पुण्यही पदरात. घरी आल्यावर रिकामं टोपण धुऊन पालथं घालायचं. आदिती विचारायची, दिलं का? दिलं, म्हणायचं.

कागदावर आलं, चरबी नॉर्मल. जिनेंद्रनं पेढे आणले. डॉक्टरांनी त्या आजारावर काट मारली आणि छातीची औषधं सुरू केली. टीबीची, मग आणखी कसली. त्या थंडीत ऋता गेली. ती गेली त्या दिवशी म्हातारे डॉक्टर हळहळून म्हणाले होते, "ती चरबीची तपासणी नॉर्मल आली नसती तर आपण वेगळ्या वाटेनं गेलो असतो." जिनेंद्रला त्या वेळी काही ऐकू येत नव्हतं. अक्काताईंना आलं. त्या दिवसापासून त्या बस्तीत गेल्या की नंदादीपाकडं न बघता दर्शन घ्यायच्या.

तर आता धवल. शी गार ठेवायची होती, आणि मगदूमांच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ती ठेवायची कल्पनाच कुणी केली नाही. जिनेंद्रनं कुठूनसा थर्माकोलचा मोठा खोका आणला, बर्फ घातला आणि मागच्या पडवीत ठेवला. कामाला येणारी धोंडुबाई खोका बघून म्हणाली, "अक्का, ह्यात सुरमई येतीया की बाजारात." अक्काताई म्हणाल्या, "येऊ दे. तुझ्या सुरमईपरास म्हागाचं ठेवायचं हाय त्यात." कांद्याचा वाससुद्धा सोसत नाही असल्या त्या घरात ते पत्र्याचे डबे, ते हातमोजे, तो वास. अक्काताईंनी सगळं स्वतः केलं. आदितीनं शाळेतनं रजा घेतली होती, तिलाही हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धवल अंगणात खेळता खेळता बसला आणि तिथंच मोकळा झाला. धोंडुबाई जवळच होती. भल्या मनाची बाई, बादलीभर पाणी घेऊन निघाली फरशी स्वच्छ करायला. अक्काताई जिन्यावरनं उतरत होत्या. त्यांचा असला आवाज गल्लीनं आजवर ऐकला नव्हता. "धोंडे, पाणी ओतशील तर हात मोडीन." बादली जागेवर राहिली. अक्काताई गुडघ्यावर बसल्या आणि खरवडून खरवडून फरशीवरचा कण न् कण डब्यात भरू लागल्या. धोंडुबाईनं तोंडाला पदर लावला. तिला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. मग तिनं म्हातारीचे डोळे बघितले आणि गुमान जाऊन डबा पुढं धरला.

खरी कसोटी त्या दुपारी लागली. सकाळच्या तुपानंच धवलचं पोट धरलं होतं. दुपारचं ताट आलं तसा तो आईच्या कुशीत शिरला आणि ओरडायला लागला. गुडघे पोटाशी. तसाच. अगदी तसाच. अक्काताईंच्या हातात भरलेलं टोपण होतं आणि फ्रिजच्या बाजूनं आवाज आला, आज्जी, तूप. समोरचा नको नको म्हणून रडतोय, मागची मागतेय. 

"आत्या," आदिती म्हणाली. सासूला आत्या म्हणायची तिकडं रीतच. "आज राहू दे तूप. एवढ्या वेळेपुरतं. बघवत नाही हो मला."

"द्यायचं," अक्काताई म्हणाल्या.

"एका वेळेनं काय होणार आहे?"

"काय होतंय ते मी बगितलंय." त्यांनी टोपण खाली ठेवलं, कारण आता ते सांडलं असतं. "पयली दुपार सोडली तर ऋताला मी तूप दिलंच न्हवतं, आदिती. तिन्ही दिवस. तुला दिलं म्हणून सांगितलं आणि बस्तीत जाऊन दिव्यात घातलं. मशिनचं काय चुकलं न्हवतं. मी मारली तुझी पोरगी."

एवढं बोलून त्या वाट बघत राहिल्या. हिनं आता थोबाडीत मारावी, केस ओढावेत, घराबाहेर काढावं. चार वर्षं त्या त्याचीच वाट बघत होत्या आणि आता ते झालं तर बरं होईल असं त्यांना मनापासून वाटलं.

आदिती धवलच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली. मग ती फार हळू म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"शाळेतनं आले की मी तिचं तोंड पुसायचे. तूप खाल्लेल्या पोराचं तोंड कळतं, आत्या. त्या तीन दिवसांत तिच्या ओठाला तूप नव्हतं. मी ओळखलं होतं आणि गप्प बसले. ती रडत नव्हती ना. मला बरं वाटलं होतं." ती आता रडायला लागली होती, पण आवाज न करता. "मी रोज तुम्हाला विचारायचे, दिलं का. तुम्ही दिलं म्हणालात की मी सुटायचे."

त्या दोघी एका घरात, एका चुलीपाशी चार वर्षं राहिल्या होत्या. एकमेकींना वाढत होत्या. अक्काताईंना आधार वाटला की आणखी भीती वाटली, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. बहुतेक भीतीच.

"ह्यांना सांगू नका," आदिती म्हणाली. "सगळं केलं म्हणतात, त्याच्यावर तर उभे आहेत ते."

मग तिनं धवलला मांडीवर आडवं घेतलं, दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "द्या." अक्काताईंनी भात कालवला, तूप सगळं घातलं, टोपण बोटानं पुसून घेतलं आणि घास त्याच्या तोंडात कोंबला. तो ओरडत होता, त्या भरवत होत्या. पोराला असं दुखवून भरवताना त्यांच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही, पण हात थांबला नाही. शेवटच्या घासापर्यंत.

उत्तर आलं. घातलेल्या तुपातलं निम्म्याच्या आसपास तसंच बाहेर पडत होतं. मग पुण्याला नेऊन घामातल्या मिठाची तपासणी झाली आणि शंकेला जागा उरली नाही. सगळे पुन्हा डॉक्टर नंदिनींच्या समोर बसले. त्यांनी औषधाच्या कॅप्सूल पुढं ठेवल्या. "प्रत्येक जेवणाबरोबर. फोडून आतले दाणे सफरचंदाच्या गरात घालून द्यायचे, चावू द्यायचे नाहीत. यानं तूप पचेल, पोट दुखायचं थांबेल, अंग भरेल. छातीवर कायम लक्ष ठेवावं लागेल, आजार जात नाही. पण वेळेत सापडलाय." मग त्या जरा अडखळल्या. "तुम्ही जैन आहात म्हणून आधीच सांगते. हे डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. दुसरं काही नाही."

जिनेंद्रनं आईकडं बघितलं. चातुर्मासात या बाईच्या घरात बटाटा येत नव्हता.

"आई, म्हाराजांना इचारून घेऊया का?"

"इचारीन की," अक्काताई म्हणाल्या, "पोरगं अंग धरल्यावर इचारीन." आणि त्यांनी कॅप्सूलची बाटली उचलून पिशवीत टाकली.

इथं सगळं संपलं असतं. पण डॉक्टर फाईल चाळत होत्या. "मला एक कळत नाही. मोठीलाही हाच आजार असणार, आता तर खात्रीच वाटते. मग तिची तपासणी नॉर्मल कशी आली?"

"मशिनचं चुकलं आसंल," जिनेंद्र म्हणाला. "आई म्हणती तसं."

"तसं असेल तर गंभीर आहे. त्या लॅबला आजच कळवायला हवं. तिथं आणखी किती मुलांचं चुकलं असेल." त्यांनी फोन उचलला सुद्धा.

अक्काताईंनी आदितीकडं बघितलं. आदितीनं मान खाली घातली, मग वर केली.

"ठेवा ते," अक्काताई म्हणाल्या. "मशिनचं न्हाय. पोरगी रडत हुती म्हणून मी तिला तूप दिलं न्हवतं."

"मला माहीत होतं," आदिती म्हणाली. "मीही बोलले नाही."

डॉक्टरांनी फोन खाली ठेवला. जिनेंद्रला आधी कळलंच नाही. तो एकदा आईकडं, एकदा बायकोकडं बघत होता, जणू कुणीतरी हसेल आणि पुढं बोलेल. मग त्याला कळलं. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं अक्काताईंना दिसलं. तो ओरडेल असं वाटलं, पण तो ओरडला नाही. त्यानं एकच विचारलं.

"त्या तीन दिवसांत तिचं पोट दुखलं का?"

"पयल्या दुपारी तेवढं. मग न्हाय," अक्काताई म्हणाल्या. "एकदाबी न्हाय. झोपली चांगली. दिवसभर खेळली."

जिनेंद्रनं खिशातनं मोबाईल काढला. त्यात ऋताचा एक फोटो होता. रंकाळ्याच्या कट्ट्यावर उभी, हातात भडंगाचा पुडा, सगळे दात दाखवून हसणारी. तिचे बाकीचे फोटो किरकिरे, मलूल. हसरा हा एकच. त्यानं बोट लावून फोटोची तारीख काढली आणि मनात दिवस मोजले. मग मोबाईल आदितीपुढं धरला.

"त्यातलाच दिवस हाय," तो म्हणाला. "मी त्या संध्याकाळी म्हटलं हुतं तुला. पोरगी बरी हुया लागली."

 धवल आजीच्या पिशवीत हात घालून कॅप्सूलची बाटली खुळखुळवत होता. डॉक्टरांनी किती द्यायच्या आणि कधी द्यायच्या ते पुन्हा सांगितलं. अक्काताईंनी ते दोनदा म्हणून दाखवलं, चुकलं नाही ना म्हणून विचारलं आणि पोराला कडेवर घेतलं.